हकीकत चारशे बारा नंबराच्या गुणाची

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न.

शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सर, विजयादशमीपासून पौषमासी संक्रमण आटोपेपर्यंत शहर सोलापूर येथील एका धर्मादाय दवाखान्याचे दप्तरखान्यात जी मोहीम जाहली, तीत कोण चढले, कोण पडले, कोणाचे गुडघे कोणाचे नावावर नोंदले गेले आणि अखेर निशाण कोठे लागले, तो मजकूर मागाहून कोणी तिखटमीठ लावून सांगेल, सबब जैसा घडला तैसा येथे उतरविला असे. राजेरजवाड्यांच्या लढाया गाणारे पुष्कळ. केसपेपरांच्या लढाईस कोणी शाहीर डफ उचलीत नाही. या लढाईत हत्ती नव्हते, घोडे नव्हते, तोफ म्हणावी तर गिरणीचा भोंगा तेवढा होता. परंतु एका बाईची चाकरी आणि एका मनुष्याचा जीव, दोन्ही टांगणीस लागली होती, हे वाचणाराने ध्यानी धरावे आणि मग पाहिजे तितके हसावे.

मोहिमेच्या सरलष्कर वच्छलाबाई. उमर तेविशीची, कद ठेंगणा, आवाज बारीक, परंतु इल्म मोठा. रोग्यांचे दप्तर कैसे राखावे, एकाचा मजकूर दुसऱ्यात न मिसळता मागता क्षणी कैसा हजर करावा, हा इल्म त्या पुण्यास जाऊन शिकून आल्या होत्या. शिकते समयी चिरंजीव भीमाशंकर पोटात होते. मातोश्रींनी फळ्यावरचे उतरवून घ्यावे आणि चिरंजीवांनी आतून लाथ मारावी, ऐसा दोघांचा अभ्यास एकदमच चालला. यजमान होटगी जंक्शनी रेल्वेचे चाकरीत, पाळी असेल तैसे घरी येणार. घरी सासूबाई सोजरबाई. त्यांचे हवाली चिरंजीवांस करून, दारातून तीनदा मागे वळून पाहून, मग बाईंनी दवाखान्याकडे कूच करावे, हा नित्याचा शिरस्ता.

दवाखान्याचे सुभेदार डॉक्टर हिंदुराव. मनुष्य करडा, हात हलका, बोलणे थोडके. त्यांनी बाईंस हंगामी नेमणूक दिली आणि फर्माविले की, संक्रांत होताच विश्वस्तांची बैठक भरेल, तोवर दप्तर मार्गी लावून दाखवावे. लागले तर नेमणूक कायम, न लागले तर दप्तर पुन्हा पोत्यात आणि बाई पुन्हा घरात.

आता पोत्यात म्हणजे काय, तर खरोखरच पोत्यात. दप्तरखान्याचे जुने किल्लेदार गुरुसिद्धप्पा शिपाई यांची रीत अशी की, दिवसाचे केसपेपर संध्याकाळी सुतळीने बांधावे, महिन्याच्या गठ्ठ्यांचे एक पोते करावे आणि ते पोते मागील पोत्यावर रचावे. ऐसे बुरूज छतास टेकले होते. कोणी रोग्याने मागला कागद मागितला तर किल्लेदारांनी वर नजर टाकून सांगावे, “सापडंल की. कागद हाय, कुटं पळून जातोय व्हय?” आणि मग नवा कागद काढून द्यावा. डॉक्टरांनी विचारावे, मागे काय औषध दिले होते? रोग्याने सांगावे, “तांबडं. बाटलीतलं.” आणि त्या एवढ्या पुराव्यावर डॉक्टरांनी पुढील इलाज करावा. कित्येक वर्षे हे राज्य निर्वेध चालले होते.

विजयादशमीचे दिवशी वच्छलाबाईंनी पदर खोचून, तोंडास फडके बांधून पोत्यांवर चाल केली. प्रथम उंदरांचे ठाणे उठविले. मग झुरळांशी तुंबळ जाहले, त्यात सरलष्करांनी एकदा किंकाळी फोडून माघार घेतली ती व्हरांड्यापर्यंत. परंतु तेथे रोगी पाहात आहेत असे ध्यानी येताच, जणू हवा खावयास आलो होतो ऐसा चेहरा करून पुन्हा आत गेल्या. दिवाळीपर्यंत पोती फुटली. एक मनुष्य, एक नंबर, एक पाकीट, ऐसा कायदा बसला. रोग्याचे हाती नंबराचे कार्ड, खिडकीत नावांच्या चिठ्ठ्यांची लाकडी पेटी, आणि भिंतीस फळ्यांवर पाकिटे ओळीने उभी, पलटणीसारखी. त्या ओळी पाहून बाईंस रोज सकाळी भरून येत असे. चिरंजीवांस पहिला दात दिसला तेव्हाच काय ते याहून अधिक भरून आले होते.

येथे एक हुकूम बाईंनी ऐसा काढिला की त्यात पुढील सर्व अनर्थाचे बीज होते. पूर्वी गुरुसिद्धप्पा दारात उभे राहून रोग्यांस नावाने पुकारीत. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, बोळ, गाव, सर्व काही, आणि आवाज ऐसा की तळ्याचे पलीकडील म्हशींनी मान वळवावी. बाईंनी ते बंद करून फक्त नंबर पुकारावा असे ठरविले.

गुरुसिद्धप्पांनी हरकत घेतली. “अवो बाई, मानसाला नंबरानं हाक मारायची म्हंजे? हितं काय तुरुंग हाय?”

त्यावर बाईंनी एकच शस्त्र टाकिले. “पुण्यात असंच करतात.”

या शस्त्रापुढे सोलापुरात कोणाचा इलाज चालत नाही. त्या दिवसापासून दवाखान्यात नावे गेली, नंबर राहिले.

ऐसे असता दवाखान्यामागील बोळीत मल्लव्वा नामे एक बाई राहात असे. नवरा मागावर चादरी विणणार, स्वतः सुताच्या कांड्या भरणार, स्वभाव दिलदार. तिचे पोटात बहुत दिवस गोळा उठे. बार्शीचा डॉक्टर जाहला, टेंभुर्णीचा वैद्य जाहला, देवास अभिषेक जाहला, उतार पडेना. ती या दवाखान्यात आली, तीस चारशे बारा नंबराचे कार्ड मिळाले, डॉक्टरांनी औषध दिले आणि गोळा बसला. सर्व बोळीने हे पाहिले. आता गुण औषधाचा म्हणावा तर औषध टेंभुर्णीसही होते; डॉक्टरांचा म्हणावा तर डॉक्टर बार्शीसही होता; नवीन काय, तर नंबर. मल्लव्वाने ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवून त्यास हळदकुंकू वाहिले. शेजारणीचे पोर खोकू लागले तेव्हा तिने ते काढून तिचे हाती दिले आणि सांगितले, “घिऊन जा की गं. लई गुन हाय ह्या नंबराला.” खोकला गेला. मग काय विचारता! कार्ड घरोघर फिरू लागले. दवाखान्यात नंबर पुकारला की जो उठेल तो चारशे बारा. डॉक्टरांसमोर रांग दारापर्यंत, ते शेवटली ओळ पाहून पुढली लिहिणार. नाव कोणी उच्चारीतच नव्हते, कारण पुण्यात उच्चारीत नाहीत.

मार्गशीर्षात विश्वस्तांचे मुख्य आबासाहेब, कापडाचे पेढीवाले, हे नवे दप्तर नजरेखाली घालावयास खासे आले. वच्छलाबाईंनी नवे लुगडे नेसून स्वागत केले आणि साहेब, कोणतेही पाकीट मागावे, ऐसे बोलिल्या. आबासाहेबांनी ती निवड त्यांचेवरच सोडिली. तेव्हा बाईंनी सर्व पलटणीतून सर्वांत जाड, सर्वांत पुष्ट असे पाकीट मोठ्या अभिमानाने काढून दिले. ते चारशे बारा.

आबासाहेबांनी चष्मा चढविला आणि पेढीवर हुंडी वाचावी तैसे मोठ्याने वाचू लागले. “मल्लव्वा. वय तीस. पोटात गोळा. बरं. बाळंतपण, मुलगी. छान. आठ दिवसांनी बाळंतपण, मुलगा.” येथे ते थांबले. मग पुन्हा वाचू लागले. “डांग्या खोकला, वजन अकरा किलो. अक्कलदाढ येत आहे. सर्व दात पडलेले, भाकरी दुधात कुस्करून खावी. विडी सोडण्याची ताकीद. दाढी करताना वस्तरा लागला, टाके घातले.” चष्मा काढून ते म्हणाले, “डॉक्टर, ह्या बाईंना एकदा बघायला पायजे.”

व्हरांड्यात हशा उसळला. वच्छलाबाईंस भूमी दुभंगेल तर बरे ऐसे वाटले, परंतु दप्तरखान्यास फरशी होती. डॉक्टर हिंदुराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पाकिटातून एक कागद उपसून पुढे धरिला. त्यावर तांबड्या शाईची ओळ होती. मागील महिन्यात ते रजेवर असता बदली डॉक्टरांनी लिहिलेली: पेनिसिलिनची सुई देताच तोंड सुजले, श्वास कोंडला, महत्प्रयासे वाचला, पुन्हा कधीही देऊ नये.

डॉक्टरांनी विचारिले, “हा कोण?”

कोणास ठाऊक नव्हते. बदली डॉक्टर परगावी गेले होते, आणि त्यांनी नंबर पाहिला होता, नाव नाही.

“हा मनुष्य उद्या दुसऱ्या कुणाच्या कार्डावर येईल, बाई. त्याच्यावर तांबडी ओळ नसेल. आणि मी सुई देईन.”

एवढेच बोलून त्यांनी फर्माविले की, विश्वस्तांचे बैठकीपूर्वी या पाकिटातील प्रत्येक मनुष्य वेगळा काढावा आणि तांबडी ओळ ज्याची त्याचे नावावर चढवावी. न जमेल तर पोती शिवावयास सुया-दोरे दवाखान्यातर्फे मिळतील.

शिकस्त जाहलेला सेनापती जे करितो तेच वच्छलाबाईंनी केले, म्हणजे संतापल्या. त्यांनी जाहीरनामा काढिला: कार्ड दुसऱ्यास देईल त्याचे कार्ड जप्त. गुरुसिद्धप्पांनी तो बोळीत ललकारून सांगितला, आणि नंबराच्या जागी शब्द ओरडावयास मिळाले म्हणून मोठ्या खुशीने सांगितला. परिणाम ऐसा की सर्व बोळीने तोंडास कुलूप घातले. बाई स्वतः दारोदार फिरल्या. दाढी कोणाची? “आमची न्हाय बाई.” बाळंतपण कोणाचे? मांडीवर पोर घेऊन बसलेली बाईही सांगे, “आमचं न्हाय.” स्वतः मल्लव्वाने तर बाईंस गूळपाणी दिले, पाठीवरून हात फिरविला, आणि सांगितले, “कार्ड? कार्ड हरवलं की, अक्का.” तिचे मागे देव्हाऱ्यात ते कार्ड हळदीने पिवळे धमक होऊन सर्वांस दिसत होते. बाईंनी पाहिले आणि न पाहिलेसे केले, कारण देव्हाऱ्यावर जप्ती आणावी तर सोलापुरात राहावे कोठे?

इतक्यात चिरंजीव भीमाशंकर यांस ताप भरला. बाईंनी त्यांस पदराखाली घेऊन, इतर रोग्यांसारखे रांगेत बसून, डॉक्टरांपुढे नेले. डॉक्टरांनी चिरंजीवांचे पाकीट उघडिले आणि बराच वेळ वाचीत राहिले.

मग सावकाश म्हणाले, “मागच्या खेपेला ह्यांचं वजन बावन्न किलो होतं. दोन्ही गुडघे दुखत होते. जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं. ऐकलं नाही वाटतं.”

बाईंनी पाकीट ओढून स्वतः वाचिले. शत्रू बोळीत शोधीत होतो, तो खुद्द बालेकिल्ल्यात चुलीपाशी बसून भाकरी थापीत होता!

घरी येऊन त्यांनी काही विचारण्यापूर्वीच सोजरबाईंनी त्यांचा चेहरा वाचिला आणि भाकरी उलटीत सांगितले, “व्हय. नेलं मी कार्ड. काय करशील?”

“आत्याबाई, तुम्हांला तुमचं कार्ड आहे की. मी स्वतः लिहून दिलं.”

“हाय की. चार डाव गेले ते घिऊन. काय झालं? म्हातारीचा नंबर त्यो, त्याला कसला गुन? आन् ह्याचा खोकला बघ, दोन पुड्यांत गेला. त्याचं कार्ड मुठीत धरून बसलं की माजं गुडगं निम्मं तितंच थांबत्यात. तुज्या पुण्यात हे शिकिवलं न्हाय व्हय?”

पुण्यात हे शिकविले नव्हते. बाई चिरंजीवांस मांडीवर घेऊन बसल्या. चिरंजीवांचा ताप उतरू लागला होता, ओलसर मूठ मातोश्रींच्या पोलक्यात अडकली होती, आणि ती सोडवावी तर जागे होतील म्हणून सरलष्कर जागच्या जागी कैद होत्या. ऐशा कैदेत विचार फार सुचतात. तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन आली आणि सोजरबाईंजवळ विरजण मागू लागली. आमचं दही लागत नाही, तुमचं गोड लागतं, म्हणाली. सोजरबाईंनी चमचाभर विरजण घातले, ती गेली. वाटी तिची, दूध तिचे, दही तिच्याच घरी लागणार. येथून गेला तो फक्त चमचाभर गोडवा.

बाई त्या रिकाम्या दाराकडे पाहात राहिल्या. बोळ काही लबाडी करीत नव्हती. गुण आला तर एकटीने ठेवून कैसा घ्यावा, म्हणून वाटून घेत होती. चूक एवढीच जाहली होती की विरजणाबरोबर सगळे भांडेच घरोघर फिरत होते.

दुसरे दिवशी त्यांनी डॉक्टरांपुढे नवा मनसुबा मांडिला. चारशे बारा नंबराचे एक मोठे ठाणे करावे. त्यात प्रत्येक मनुष्याचे वेगळे पाकीट. कार्डावर वर सर्वांस चारशे बारा आणि खाली ज्याचे त्याचे नाव व पोटनंबर. बोळीला गुण मिळेल, आपल्याला माणूस मिळेल. डॉक्टरांनी विचारिले की हे शास्त्रात बसते काय? बाईंनी सांगितले की घरटी एक फाइल ठेवण्याची रीत शास्त्रात आहे, फक्त सबंध बोळ एक घर धरावी लागेल. डॉक्टर म्हणाले, “हूं.” बाईंनी त्याचा अर्थ मंजूर ऐसा घेतला.

परंतु नवे कार्ड बाईंचे हातून घेऊन बोळीस काय त्याचे? गुण मल्लव्वाचा, तर हातही मल्लव्वाचा पाहिजे. सबब संक्रांतीचे हळदीकुंकू दप्तरखान्याचे व्हरांड्यात करण्याचे ठरले. सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेस अवघे शहर लोटले होते, तरी बोळीतील एकही बाई घरी राहिली नाही. मल्लव्वा इरकल नेसून मध्यभागी बसली, पुढ्यात तिळगुळाचे ताट आणि त्याशेजारी कोऱ्या कार्डांची चळत. जिला हळदकुंकू लावावे तिला वाण म्हणून कार्ड द्यावे. मात्र वाण घेण्यापूर्वी तिने पाकिटातील आपल्या घरची ओळ ओळखून द्यावी. जाहीरनाम्याने जे तोंड उघडले नव्हते ते तिळगुळाने उघडले.

“दाढी माज्या दिराची.”

“पोरगा माजा गं, पोरगी तिची. दोगी एका आठवड्यात बसलो हुतो की.”

“दात न्हायत ते मामंजी. विडी बी त्यांचीच.”

“विडी कशी वडत्यात गं दाताबिगर?”

“वडत्यात की! त्याच्यावाचून भाकरी जिरत न्हाय त्यांची!”

ऐसा गलबला. वच्छलाबाई खाली बसून लिहीत होत्या आणि पाकिटे भराभर फुटून वेगळी होत होती. सोजरबाई चिरंजीवांस कडेवर घेऊन खांबाआड उभ्या होत्या. विधवा असल्याने हळदीकुंकवात पुढे येणे त्यांचे रीतीत नव्हते. मल्लव्वाने ते पाहिले आणि तेथूनच हाक दिली, “म्हातारे, ये की फुडं. तुजं गुडगं काय कुक्कू बघून दुकत्यात व्हय?” सोजरबाई पुढे आल्या. मल्लव्वाने त्यांचे हाती तिळगूळ ठेविला. त्या वेळी बोळीतील दोघी-तिघी इतर विधवा दाराशी उभ्या होत्या, त्याही मागून आत आल्या.

सर्व ओळी गेल्या, तांबडी तेवढी राहिली. बाईंनी ती मोठ्याने वाचून दाखविली. शांतम्मा नामे एक तरणी बाई, शिवप्पा मागवाल्याची बायको, हातातील कार्ड उलटसुलट करू लागली. मल्लव्वा म्हणाली, “बोल गं.”

“ती... ह्यांची हाय,” शांतम्मा बोलिली. “सांगू नगं म्हनले. सांगितलं तर डाक्टर पुन्ना सुई देनार न्हायत. सुईबिगर गुन कुटं येतोय?”

“बरं झालं सांगितलंत,” बाई म्हणाल्या. “त्यांना घेऊन या उद्या.”

“आत्ता दवाखान्यातच हायत की. पायाला पू झालाय. ह्या शेजारणीच्या भावाचं कार्ड नेलंय, कोरं. सुई घ्यायला बसल्यात.”

मग सरलष्करांनी काय केले म्हणावे? तिळगुळाचे ताट ओलांडिले, व्हरांडा ओलांडिला, आणि लुगड्याचा घोळ दोन्ही हातांनी धरून पळत सुटल्या. सुईच्या खोलीपुढे मोठी रांग, सर्वांनी बाह्या वर केलेल्या, सर्वांचे हाती कार्डे. बाईंनी शिवप्पास कधी पाहिले नव्हते. तो ज्या कार्डावर आला त्याचा नंबर त्यांस ठाऊक नव्हता. पुण्याचा सर्व इल्म मस्तकात हजर होता आणि त्यातील एकही काडी या समयी कामास येत नव्हती. आत नर्स सुई भरीत होती. बाई ओरडल्या, परंतु आवाज बारीक, आणि जत्रेच्या वाटेने जाणारा बँड खिडकीखाली वाजत होता.

तेव्हा त्यांनी दारातील गुरुसिद्धप्पांचा दंड पकडिला. “मामा, नाव पुकारा! शिवप्पा मागवाला, मागची बोळ! पुकारा!”

गुरुसिद्धप्पांनी छाती भरून घेतली. कैक आठवड्यांचे कोंडलेले नाव होते ते. “शिवप्पाऽऽ! मागची बोऽऽळ! मागवालेऽऽ!” बँडवाल्याचे क्लॅरिनेट चुकले. आणि सुईच्या खोलीच्या आतून, वाघ मागे लागला तरी नावाची हाक आली की ओ द्यावी या सवयीने, एक आवाज आला.

“ओऽऽ!”

नर्सचा हात थांबला. शिवप्पा स्टुलावर दंड पुढे करून बसला होता. आपण दुसऱ्याच्या नावाने बसलो आहो हे त्यास ओ दिल्यानंतर आठवले, आणि तो ओशाळून बाही खाली करू लागला.

डॉक्टर हिंदुराव आले. सर्व ऐकून त्यांनी शिवप्पास दुसरे औषध लिहून दिले. तो कुरकुरला की सुई नाही म्हणजे गुण कैसा येणार? त्यावर डॉक्टरांनी वच्छलाबाईंकडे पाहिले. बाई अजून धापा टाकीत होत्या, हातास हळद लागलेली, केसात तीळ. त्यांनी शिवप्पाचे हाती नवे कार्ड ठेविले. वर चारशे बारा, खाली त्याचे नाव, आणि त्याखाली तांबड्या शाईची ओळ. त्याने वरचा नंबर वाचिला आणि त्याचा चेहरा उजळला. पू त्या आठवड्यात निवळला. श्रेय नंबरास गेले, औषधाने तक्रार केली नाही.

बोळीबाहेरील घरांचीही घरटी एकेक ठाणी निघाली, आणि त्या दिवसापासून हुकूम ऐसा बसला की आधी नाव पुकारावे, मग नंबर. पुण्यात काय करितात हे कोणी विचारिले नाही.

मग विश्वस्तांची बैठक जाहली. आबासाहेब मसलतीस बसले, डॉक्टर उजवे हातास, वच्छलाबाई समोर उभ्या. चारशे बाराचे ठाणे मागविले. त्यातील पाकिटे एकेक पाहिली. दाढी पुरुषाकडे, बाळंतपणे बायकांकडे, विडी मामंजींकडे, ऐसा सर्व मुलूख ज्याचा त्यास पोहोचला होता. आबासाहेब संतुष्ट जाहले. एवढ्यात डॉक्टर हिंदुराव म्हणाले की, आणखी एक ठाणे पाहू. बाईंचे स्वतःचे घरचे आणावे.

बाईंनी ठाणे आणून पुढे ठेविले. आत सर्व यथास्थित. सोजरबाईंचे पाकीट वेगळे, त्यात बावन्न किलो आणि दोन्ही गुडघे परत आलेले, चिरंजीवांचे वेगळे, यजमानांचे वेगळे. आबासाहेबांनी वरील मथळा वाचिला आणि चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचिला.

“कुटुंबप्रमुख: चिरंजीव भीमाशंकर. वय महिने नऊ.” त्यांनी मान वर केली. “बाई, नियमानं घरातल्या वडील माणसाच्या नंबरावर ठाणं निघतं ना?”

निघते. तो नियम बाईंनीच लिहिला होता. त्याप्रमाणे चिरंजीवांचा नंबर रद्द करून सर्वांस सोजरबाईंचे नंबराखाली आणावे म्हणून त्या तांबडी पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. परंतु त्या नंबरावर दोन पुड्यांत खोकला गेला होता. त्या नंबरावर ताप उतरला होता. पेन्सिल कागदावर टेकली होती, उचलली होती, पुन्हा टेकली होती, आणि काट मारवेना. तेव्हा आजी, बाप, आई ऐसे सर्व घराणे त्यांनी नऊ महिन्यांच्या धन्याचे छत्राखाली आणून ठेविले होते.

 बाईंनी शास्त्र आठवून पाहिले.  आणि फार हळू आवाजात बोलिल्या, “साहेब, त्या नंबराला गुण आहे.”

आबासाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर खिडकीबाहेर पाहात होते. त्यांचे खांदे हलत होते. मग ते वळले, नेमणुकीचा कागद पुढे ओढिला, हंगामी हा शब्द खोडून कायम ऐसा लिहिला आणि सही केली.

येणेप्रमाणे पौषमासी, सिद्धरामेश्वरांचे जत्रेचे पर्वात, दप्तरखान्याची मोहीम फत्ते जाहली. पोती भंगारात गेली. शिवप्पाचा जीव राहिला. मल्लव्वाचे नंबराखाली होटगीपर्यंतचे लोक आपण तिचे नातलग असल्याचे शपथेवर सांगू लागले, त्यांचा बंदोबस्त करणे जारी आहे. विजयाप्रीत्यर्थ विश्वस्तांनी सर्वांस चहा दिला. त्या समारंभास सरलष्कर हजर नव्हत्या. कुटुंबप्रमुखांची दुधाची वेळ जाहली होती, सबब त्या पळत घरी गेल्या. हे नोंदले असे.